कोयत्याच्या दिवसांतला आगमनकाळ

30 नोव्हेंबर 2025. आगमनकाळाचा पहिला रविवार. चार सतरंज्या घातल्या होत्या, दोनच भरल्या. म्हाताऱ्या, लेकरं, दोन-चार नोकरदार, दवाखान्यातल्या नर्सबाई. बाकीचे उसात.

यंदा वाचनांचं 'अ' चक्र सुरू झालं, म्हणून शुभवर्तमान मत्तयाचं. शेतात दोघं असतील, त्यातल्या एकाला नेलं जाईल आणि दुसरा मागं राहील. जात्यावर दळणाऱ्या दोघींचंही तसंच. आज जगभरच्या देवळांतून हा उतारा वाचला गेला असेल आणि जागोजाग त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला असेल. बीड जिल्ह्यात तो ऐकला की माणसं मान डोलावतात. फादर म्हणाले, जागे राहा, नेणारा कधी येईल सांगता येत नाही. मागून एक आजी शेजारणीला म्हणाली, "दसऱ्यालाच येऊन गेला की. मुकादम."

फादरांनाही हसू आवरलं नाही.

*

नाताळ म्हटलं की घराकडे येणारी माणसं, असं चित्र वसईत, मुंबईत, गोव्यात खरं असेल. आमच्याकडे हा निघून गेलेल्यांचा महिना. यंदाचा गाळप हंगाम 1 नोव्हेंबरला सुरू झाला. त्याआधीच ट्रक-ट्रॅक्टर भरून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेल्या. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम आगाऊ पैसे, म्हणजे उचल, देतो ती कोयत्यावर, माणसावर नाही. नाताळ बरोबर हंगामाच्या मध्यात येतो, त्या दिवशी कारखाना बंद नसतो. पट्टा पडून, म्हणजे गाळप संपून, माणसं परततात ती मार्च-एप्रिलात. म्हणजे आमची मंडळी भरलेली दिसते ती ईस्टरला. 2026 चा ईस्टर 5 एप्रिलला आहे. कॅलेंडर आल्या आल्या तो बघून ठेवणारी घरं मला माहीत आहेत. त्या बघण्यातच त्यांचा अर्धा आगमनकाळ होऊन जातो.

*

मेणबत्त्यांचं कडं. बाजारातून आणायचा प्रश्नच नाही. तारेचं वेटोळं, त्यावर अशोकाची पानं आणि सुरूच्या फांद्या. दर रविवारी एक मेणबत्ती वाढवायची.

ही रीत फार प्राचीन वगैरे नाही. 1839 साली हांबुर्गमध्ये योहान हिन्‍रिख विखर्न नावाच्या पाळकानं गरीब मुलांसाठी एक घर चालवलं होतं. पोरं रोज विचारायची, नाताळला किती दिवस उरले? त्यानं गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारच्या चार मोठ्या आणि मधल्या वारांच्या लहान मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची. पोरं दिवस मोजायला शिकली. पुढं कॅथलिकांनीही ती उचलली. आता सगळीकडे दिसतं ते कडं शोभेचं. मूळ वस्तू गाडीचं चाक, आणि ते आई-बापाजवळ नसलेल्या लेकरांसाठी लावलेलं, हे मी कॅटेकिझमच्या पोरांना मुद्दाम सांगितलं. त्यातली निम्मी आजीजवळ राहतात, काही शाळेच्या हंगामी वसतिगृहात. एकानं विचारलं, चाक बैलगाडीचं का टायरगाडीचं?

*

वाट बघण्यात आमच्या जिल्ह्याचा हात कोण धरणार? अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्ग 1995 ला मंजूर झाला. अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी धावली ती 17 सप्टेंबर 2025 ला. पुढं परळी अजून बाकी. आगमनकाळाचे चार आठवडे म्हणजे आम्हाला किरकोळ.

*

7 डिसेंबर. दुसरा रविवार. यशयाचं वाचन: इशायाच्या बुंध्यातून धुमारा फुटेल. इशाय म्हणजे दावीद राजाचा बाप. घराणं तोडलं गेलं, बुंधा तेवढा राहिला, आणि आशा त्या बुंध्यावर.

प्रवचनात फादरांनी वडाचं झाड घेतलं. मला वाटतं, खोडवा घ्यायला हवा होता. लागणीचा ऊस तुटल्यावर त्याच बुडख्यातून जो दुसऱ्या वर्षी उठतो तो खोडवा. त्याच्याही पुढचा निडवा. आणि तो चांगला यायचा असेल तर तोड जमिनीलगत व्हावी लागते. बुडखा उंच राहिला की डोळे वरचेवर फुटतात, जोम राहत नाही. म्हणजे वाकून, कंबर मोडून, खोलवर कोयता मारणारा जो असतो त्याच्या हातावर पुढच्या वर्षीचं पीक अवलंबून. पीक मात्र दुसऱ्याचं. यशयाला हे ठाऊक नव्हतं, पण आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक आहे. फादरांना नंतर चहाला सांगितलं. म्हणाले, पुढच्या 'अ' वर्षी. म्हणजे तीन वर्षांनी.

*

गव्हाणी करायला घेतली. कडबा हवा तेवढा. मातीचा योसेफ, मरिया, मेंढपाळ जुन्या पेटीत आहेत. बैलाचं एक शिंग मोडलंय. आसिसीच्या फ्रान्सिसनं 1223 च्या नाताळला ग्रेच्चो गावात पहिली गव्हाणी मांडली तेव्हा जिवंत बैल आणि गाढव आणलं होतं. पोरांना ती कल्पना फार आवडली. खरा बैल आणू या म्हणाली. मग गावात कोणाकडे बैल आहे याची चर्चा झाली. वाडीतल्या बैलजोड्या गाडीवानांबरोबर कारखान्यावर. शेवटी एका शेजाऱ्याची शेळी ठरली, करडासकट. बायबलात बैल तरी कुठं लिहिलाय.

*

कागदावर आमची संख्या दिसते त्याहून थोडी जास्त असावी. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा लाभ हिंदूंपुरता ठेवला. 1956 ला शीख, 1990 ला बौद्ध आत घेतले. ख्रिस्ती बाहेरच. त्यावर 2022 मध्ये केंद्रानं आयोग नेमला. तोही एक आगमनकाळच, मेणबत्त्या नसलेला. म्हणून शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि मिस्साच्या वहीत दुसरा, असं अनेकांचं चालतं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पोराची फी भरायची असते.

*

मराठीत आगमनकाळाचं पुस्तक कोणतं, असं कोणी विचारलं तर मी 'ख्रिस्तपुराण' सांगेन, आणि तेही पहिलं पुराण. 1579 ला गोव्यात उतरलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं ते रचलं, 1616 ला छापलं. दुसऱ्या पुराणात येशूचं चरित्र. पण त्याआधीचा अख्खा भाग उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट बघण्यात जातो. सगळं ओवीत. आणि ओवी तर आमच्या घरची. मुकुंदराजाची समाधी अंबाजोगाईला, 'विवेकसिंधु' ओवीबद्ध. मार्गशीर्षात शेजारपाजारी पोथ्या निघतात, गुरुवारची महालक्ष्मीची कहाणी वाचली जाते. पहिल्या पुराणाचं पारायण लावायला काय हरकत आहे? भाषा जड आहे हे खरं. पण पोथीची भाषा कळतेच असं कुठं असतं. घरात एक वाचणारा आणि एक सांगणारा असला की भागतं.

*

14 डिसेंबर. आनंदाचा रविवार. या दिवशी मेणबत्ती गुलाबी हवी. बाकी काळ जांभळा, रविवारचं गौरवगीत नाताळच्या रात्रीपर्यंत बंद. मध्ये हा एक दिवस सैल सोडलेला. तालुक्याच्या बाजारात गुलाबी मेणबत्ती मिळाली नाही, पांढरीला पतंगाचा कागद गुंडाळला. पेटायच्या आत काढायचा राहिला, थोडा भडका उडाला, लेकरं खूष.

वाचनं मात्र आनंदाची म्हणावीत की नाही? बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात पडलाय. ज्याची वर्दी देण्यात आयुष्य घालवलं त्यालाच निरोप पाठवतो, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहायची? आनंदाच्या रविवारी ही शंका कोणी घातली असेल, त्याला माणसाची चांगली पारख होती. त्याच दिवशी याकोबाच्या पत्रातला शेतकरी: पहिल्या आणि शेवटच्या पावसापर्यंत धीर धरणारा. सप्टेंबरात इथं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. सिंदफणा, बिंदुसरा फुगल्या, आष्टीकडे लोकांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं, सोयाबीन आणि कापूस पाण्यात. धीर धरून पाऊस आला आणि पीक घेऊन गेला. वाचन करणारी पोरगी तिथं जराशी थांबली, मग पुढं वाचत गेली.

मिस्सानंतर वाटाण्याची उसळ आणि पाव. कोणाचं तरी लग्न ठरल्याचे पेढे. नाताळगीतांची तालीम: पेटी, ढोलकी, आणि या वर्षी पहिल्यांदा हलगी. हलगीला देवळात नको म्हणणारे दोघं होते. त्यांचं म्हणणं, बाप-आज्यांनी दुसऱ्यांच्या दारात वाजवली ती पुरे झाली. यात तथ्य आहे, मी गप्प बसलो. पण वाजवणारा पोरगा म्हणाला, "इथं कुणी वाजव म्हणून हुकूम नाही सोडला, मामा. मी माझ्या मनानं वाजवतोय." मग त्यातल्या एकानं स्वतःच हलगी शेकायला पाचट पेटवली. तासभर जे चाललं त्याला तालीम म्हणता येणार नाही. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती, दोघं आत येऊन नाचून गेली.

तेच कोणी तरी कारखान्यावरच्या झोपडीत, कोपीवर, व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. तिकडं अंधार, चूल, नेटवर्क तुटतंय. पलीकडून आई ओरडत होती, "मोठ्यानं वाजव, ऐकू येत नाही."

*

आपला औरंगाबाद धर्मप्रांत 17 डिसेंबर 1977 ला स्थापन झाला, आगमनकाळातच. आणि हे 2025 म्हणजे पोप फ्रान्सिस यांनी आशेच्या नावानं उघडलेलं जुबिली वर्ष. उघडणारे एप्रिलमध्ये गेले. बंद करतील ते नवे पोप लिओ, 6 जानेवारीला. रोमला जाणं आमच्यापैकी कोणाला परवडत नाही. हरेगावच्या मतमाउलीला सप्टेंबरात जाऊन आलेल्यांनी तेवढ्यावर यात्रा धरली.

*

21 डिसेंबर. चौथा रविवार. कुमारी गर्भवती होईल, यशयाचं वाचन.

ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यात 82,309 जणींची पाहणी झाली. 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीत काम बुडतं, खाडा झाला की दंड पडतो. हे वाचन ऐकायला बसणाऱ्यांत तशा बाया नसतील असं कोणत्या तोंडानं म्हणू? प्रवचन योसेफावर झालं. बरं झालं. मरियेला वाऱ्यावर न सोडणारा पुरुष, एवढंच सांगितलं फादरांनी, आणि पुरुषांच्या सतरंजीकडे बघून दोनदा सांगितलं.

*

फराळ. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, बेसनाचे लाडू. दिवाळीचाच घाट पुन्हा. महिला मंडळाच्या बाया देवळाच्या ओट्यावर चूल मांडून बसल्या. शेजारच्या दोघी लाटायला आल्या, त्यांचे मार्गशीर्षातले गुरुवार नुकतेच संपलेले, म्हणून खाऊन बघायलाही मोकळ्या. दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरवलेले नाहीत, त्यातले चांदणीचे होते ते देवळाला लावले.

*

यादी. नाताळनंतर कारखान्यावर जायचं ठरतंय. आमची घरं तीन टोळ्यांत आहेत, दोन एका तळावर, एक लांब. फादर तळावर संध्याकाळी मिस्सा करतील, तोडीवरून माणसं आल्यावर. म्हणजे नऊच्या आत नाही. फराळाचे डबे, चादरी, खोकल्याचं औषध, लेकरांची वह्यांतली चित्रं. हलगीवाला पोरगा येतो म्हणतोय, त्याचे आईबाप लांबच्या तळावर आहेत. टेम्पो मिळालाय. डिझेलचं कोण देणार यावर काल रात्री ग्रुपवर चाळीस मेसेज आलेत, तोडगा नाही. अर्धे मीच देईन म्हणालो, तर आता उरलेल्या अर्ध्यावर भांडण चालू आहे.