सागाच्या पोटातील पावसाळे

केरळ राज्याच्या मलप्पुरम जिल्ह्यात, चालियार नदीच्या तीरावर, नीलंबूर नावाचे एक गाव आहे. लाकडाच्या वखारींतून वावरणाऱ्यांना हे नाव परके नाही. नीलंबूरचा साग म्हटले की जाणता सुतार मान डोलावतो. आपल्या घरांच्या तुळया, दरवाजे, चर्चमधील जुनी बाके, आजोबांच्या वेळचे कपाट ह्यांत साग असतोच. परंतु ज्या झाडाच्या लाकडावर आपण इतका विश्वास टाकतो, ते झाड जिवंत असताना पावसाचा हिशेबही ठेवीत असते, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. तो हिशेब कसा वाचतात, व त्यावरून आपल्या भागातील जुन्या दुष्काळांविषयी काय कळते, हे जाणून घेण्याच्या हेतूने आम्ही फेब्रुवारी महिन्यात नीलंबूरला गेलो. त्याचा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मडगावहून कोकण रेल्वेने शोरणूर गाठावे व तेथे गाडी बदलावी. शोरणूर ते नीलंबूर हा ६६ किलोमीटरांचा एकेरी रुळांचा फाटा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथले रूळ उखडून नेले होते व ते स्वातंत्र्यानंतर पुन्हा घालण्यात आले. दोन्ही बाजूंना भातखाचरे, रबराचे मळे आणि मधून मधून सागाची झाडे दिसत राहतात. वाटेत अंगाडिपुरम हे स्थानक लागते. कोकणात व गोव्यात आपण ज्या जांभ्या चिऱ्याची घरे बांधतो, त्या दगडाला ‘लॅटराइट’ हे शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकॅनन ह्याने ह्याच गावचा दगड पाहून दिले, व १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात ते नमूद केले. तेव्हा मुलूख दूरचा असला तरी पायाखालची माती ओळखीची होती.

आमच्याबरोबर खानापूरकडचे एक वयोवृद्ध मेस्त्री होते. पन्नास वर्षे त्यांनी सागावर रंधा चालविलेला. फेब्रुवारीत सागाची पाने बहुतेक गळून गेलेली असतात. गाडीच्या खिडकीतून ती निष्पर्ण झाडे पाहून मेस्त्री म्हणाले, “झाड झोपलंय बघा. आता वळवाचा पाऊस पडेपर्यंत ते काही वाढायचं नाही.”

मेस्त्रींच्या ह्या एका वाक्यात आमच्या प्रवासाचा सगळा विषय आला होता. आंबा, फणस अशी आपल्या उष्ण प्रदेशातील कित्येक झाडे सदाहरित असल्यामुळे त्यांच्या लाकडात वर्षावर्षाची स्पष्ट खूण उमटत नाही. साग मात्र कोरड्या दिवसांत पाने टाकून विश्रांती घेतो. पहिल्या सरी आल्या की तो जागा होतो व नव्या लाकडाचा पहिला थर घालतो. त्या थरात मोठमोठी छिद्रे असतात, आणि त्यांतून मुळांचे पाणी वर चढते. पुढे पावसाळा सरत जातो तशी छिद्रे बारीक होतात व लाकूड घट्ट होते. पुन्हा पानगळ व पुन्हा विश्रांती. असे एक वर्ष संपले म्हणजे खोडात एक वलय पुरे होते. ज्या वर्षी पाऊस मनाजोगता, त्या वर्षीचे वलय रुंद, आणि ज्या वर्षी त्याने डोळे वटारले, त्या वर्षीचे अरुंद.

नीलंबूर गावापासून थोड्याच अंतरावर, नदीपलीकडे, ‘कॉनोलीज प्लॉट’ नावाची राई आहे. मलबारचा कलेक्टर हेन्री व्हॅलेंटाइन कॉनोली ह्याच्या पुढाकाराने ही सागाची लागवड १८४६ साली झाली. आज उभ्या असलेल्या लागवडीच्या सागवनांत हे जगातील सर्वांत जुने समजले जाते. इंग्रजांच्या जहाजांना साग हवा होता व नैसर्गिक जंगले तोडून विरळ होत चालली होती, हे त्यामागचे कारण. हुकूम कलेक्टरचा असला तरी प्रत्यक्ष रोपे उगवून ती जगविण्याचे काम चातू मेनन ह्या स्थानिक अधिकाऱ्याचे. सागाचे बी कठीण कवचाचे, ते सहजासहजी रुजत नाही. अनेक प्रयोग फसल्यावर मेनन ह्यांना यश आले.

राईत शिरताच आवाज आपोआप खाली येतो. सरळसोट खोडे वर गेलेली, पायाखाली सुपाएवढी वाळलेली पाने. एका खोडाला आम्ही दोघांनी मिळून कव घातली तरी बोटांना बोटे भेटेनात. मेस्त्रींनी सालीवर हात फिरविला आणि विचारले, “ह्याचे वय काढायला हे पाडावे लागत असेल ना?” पाडावे लागत नाही. अभ्यासक पोकळ पात्याचे एक गिरमिट हाताने फिरवीत खोडाच्या गाभ्यापर्यंत नेतात व पेन्सिलीहून बारीक अशी लाकडाची कांडी बाहेर काढतात. तिच्यावर सालीपासून गाभ्यापर्यंतची सारी वलये ओळीने असतात. झाड ती जखम भरून काढते.

नीलंबूरजवळच केरळ वन संशोधन संस्थेचे सागवान संग्रहालय आहे. ते १९९५ साली सुरू झाले. दाराशीच ५५ वर्षांच्या सागाच्या मुळांचा संबंध पसारा मांडून ठेवला आहे, तो पाहून मेस्त्री थक्क झाले. ओंडक्याच्या आडव्या छेदापुढे मात्र त्यांनी बराच वेळ काढला. “फळी रंधताना ह्या रेघा जन्मभर पाहिल्या,” ते म्हणाले, “पण ह्या सालवार असतात, हे मनात आले नव्हते.”

वाचकांना वाटेल की वलये मोजली की काम झाले. ते इतके सोपे नाही. पावसाने मध्येच दीर्घ ओढ दिली व तो पुन्हा आला तर एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. फार वाईट वर्षी खोडाच्या एका बाजूस वलय उमटतच नाही. पाने खाणाऱ्या अळ्यांची धाड हा तर नीलंबूरच्या सागाचा जुना शत्रू आहे, आणि तिच्यामुळेही वाढ खुंटते. म्हणून एका झाडाच्या साक्षीवर कोणी निकाल देत नाही. एकाच टापूतील अनेक झाडांच्या कांड्या शेजारी शेजारी ठेवून रुंद-अरुंद वलयांचा क्रम जुळवितात. एका गावच्या नोंदवहीतील फाटलेले पान शेजारच्या गावच्या वहीवरून भरून काढावे, तशातला हा प्रकार.

ही जुळवणी पद्धतशीर करून दाखविण्याचा मान अमेरिकेतील अॅन्ड्र्यू डग्लस ह्यांचा. ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरील डागांचा पृथ्वीच्या हवामानाशी काही संबंध आहे काय, हे शोधण्याकरिता ते झाडांकडे वळले. ॲरिझोनातील प्राचीन वस्त्यांच्या तुळयांची वलये त्यांनी एकमेकींशी जुळविली होती, परंतु जिवंत झाडांच्या मालिकेशी त्यांचा सांधा बसत नव्हता. १९२९ सालच्या जून महिन्यात शो लो ह्या गावी एक अर्धवट जळालेली तुळई सापडली आणि तिच्या वलयांनी तो खंड भरून काढला. एका रात्रीत त्या ओसाड वस्त्यांना सनावळी मिळाली. शिवाय १२७६ ते १२९९ अशा चोवीस वर्षांच्या दीर्घ अवर्षणाची नोंदही त्या लाकडात मिळाली.

जुने लाकूड किती मोलाचे, हे ह्यावरून दिसते. इंग्लंडमधील हार्टलपूल बंदरात ‘ट्रिंकोमाली’ नावाचे एक शिडाचे लढाऊ जहाज जतन करून ठेवले आहे. ते मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी मलबारच्या सागातून बांधले व १८१७ साली पाण्यात सोडले. कॉनोलीच्या राईतील पहिले रोप लागण्यापूर्वीचे मलबारचे पावसाळे त्या फळ्यांत आहेत. आपल्याकडेही जुनी घरे पाडताना निघालेल्या सागाच्या तुळया चुलीत जातात किंवा वजनावर विकल्या जातात. त्यांतही अशी पाने असू शकतात.

भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्यामागच्या काळातील पावसाचे मोजमाप तुरळक ठिकाणीच मिळते. ही उणीव झाडे भरून काढतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी केरळातील सागांच्या वलयांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका सिद्ध केली व २०१० साली ती प्रसिद्ध केली. पाऊस उणा पडलेल्या व ‘एल निनो’ने ग्रासलेल्या वर्षांत वलये अरुंद होण्याचे प्रमाण त्यांना अधिक आढळले. एल निनो म्हणजे प्रशांत महासागराच्या पूर्व भागातील पाणी नेहमीपेक्षा तापणे. ते नाताळच्या सुमारास जाणवते, म्हणून पेरू देशाच्या किनाऱ्यावरील कोळ्यांनी त्याला बाळ येशूचे नाव दिले. इतक्या दूरच्या समुद्रातील ऊब मलबारच्या सागात उमटावी, ही नवलाची गोष्ट खरी.

त्याच २०१० साली एडवर्ड कुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी आशिया खंडातील तीनशेहून अधिक ठिकाणच्या वृक्षवलयांवरून गेल्या सुमारे सातशे वर्षांतील मोसमी पावसाचा नकाशासंग्रह तयार केला. त्यात मोठ्या अवर्षणांचे कालखंड दिसतात. त्यांपैकी दोन आपल्या भागाशी निगडित आहेत: १७९० ते १७९६ आणि १८७६ ते १८७८.

पहिल्या कालखंडात, १७९१-९२ साली, दख्खन, हैदराबाद व गुजरात ह्या मुलखांत पडलेला दुष्काळ ‘डोजी बारा’, म्हणजे कवट्यांचा दुष्काळ, ह्या नावाने लोकांच्या स्मरणात राहिला. मेलेल्यांना मूठमाती द्यायला माणसे उरली नाहीत, म्हणून हे नाव. आता हे पाहा की, त्याच वेळी टिपू सुलतानाविरुद्ध युद्ध चालू होते. धारवाडच्या किल्ल्याला परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेचा व तिच्यासोबतच्या इंग्रज तुकडीचा वेढा सप्टेंबर १७९० पासून एप्रिल १७९१ पर्यंत होता. भोवतालचा मुलूख फौजांच्या चाऱ्यादाण्यासाठी धुऊन निघाला. पाऊस येण्याआधीच कोठारे रिती झाली होती.

दुसऱ्या कालखंडात, १८७६-७८ साली, म्हैसूर, मद्रास, हैदराबाद व मुंबई इलाख्याचे दक्षिणेकडील जिल्हे ह्यांत पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली. कॉनोलीच्या राईतील साग तेव्हा तीस वर्षांचे होते. त्या दिवसांत दुष्काळी कामावरील पुरुषास रोजी एक रत्तल धान्य व एक आणा इतकीच मजुरी सर रिचर्ड टेंपल ह्यांनी ठरवून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने तिच्याविरुद्ध सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. परदेशी जाणाऱ्या धान्याची जहाजे मात्र थांबली नाहीत.

ह्यानंतर १९७२ साल घ्यावे. १८७७ प्रमाणे तेही एल निनोचेच वर्ष होते आणि महाराष्ट्रात ओळीने आलेल्या कोरड्या वर्षांचा तो कळस होता. विहिरी आटल्या, जनावरे बाजारात मातीमोल गेली. परंतु मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. खडी फोडून का होईना, घरी चूल पेटत होती. कष्ट अपार झाले, तरी गावेच्या गावे ओस पडली नाहीत. ह्याच अनुभवातून वि. स. पागे ह्यांनी आग्रहाने मांडलेली रोजगार हमी योजना पुढे १९७७ साली कायदा होऊन आली.

नीलंबूरहून परतताना गाडीत आमच्या बोलण्यात हेच होते. सागाला पाऊस किती झाला एवढेच सांगता येते. त्या वर्षी कोणाच्या कोठाराला कुलूप होते, कोणाच्या अंगणात घुगऱ्यांचे भांडे चढले होते, फौज कोणत्या वाटेने गेली, मजुरी कोणी कापली, हे त्याच्या वलयांत उमटत नाही. मेस्त्री थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “वर्ष कमी निघालं तर झाड आपली वाढ आवरतं. आपण मात्र शेजाऱ्याची आवरतो.”

ह्या पाचशे वर्षांच्या वहीवरून एक गोष्ट निश्चित दिसते. अरुंद वर्षे पूर्वी आली आहेत, ओळीने दोन-तीनही आली आहेत, आणि ती पुढेही येतील. हवामान तापत चालल्यामुळे पावसाची लहर अधिकच बेभरवशाची होईल, असे जाणकार सांगतात. तेव्हा गावच्या तळ्यातील गाळ चांगल्या वर्षीच काढून ठेवावा, बियाण्याची कणगी रिकामी करू नये, जुनी झाडे व जुन्या तुळया विचार केल्यावाचून मोडू नयेत, आणि ज्याच्या घरी धान्य उरत नाही अशा शेजाऱ्याची चौकशी ज्येष्ठ उजाडण्यापूर्वी करावी. पावसाचे वलय किती रुंद पडावे, हे आपल्या हाती नाही. त्या वर्षी गावातील किती माणसे जगावीत, हे पुष्कळसे आपल्या हाती असते.