स्वस्त सहलीचा जमाखर्च

देशाटनाचे गुण गाणारी आर्या आमच्या पिढीने मराठी शाळेत घोकली. आमच्या वडिलांच्या पिढीनेही घोकली. चातुर्य येण्याचा तो मार्ग आम्हांस लहानपणीच पटला होता. एवढेच की, त्या मार्गाने जावयाचे तर गाडीभाडे किती पडते, बरोबर चार माणसे असल्यास खाण्यापिण्याची सोय काय, आणि परत आल्यावर महिनाअखेर कशी साधावयाची, याविषयी त्या आर्येत अक्षर नाही. पंडितांस या गोष्टींची गरज भासली नसावी. मध्यमवर्गीय गृहस्थास मात्र चातुर्याच्या आधी हाच प्रश्न भेटतो.

मे महिना जवळ आला की प्रवासी कंपन्यांची रंगीत पत्रके घरोघर दिसू लागतात. शेजारचे कोणी थायलंडास जातात, कोणी दुबईस जातात, आणि परत आल्यावर चित्रे दाखवितात. मग आपल्या घरात प्रश्न निघतो, ‘आपण कोठे?’ गृहस्थ म्हणतो, ‘पुढच्या वर्षी पाहू.’ असे चार-सहा वेळा झाले म्हणजे मुले विचारण्याचे सोडून देतात. मुले समजूतदार झाली म्हणून आईबापांस बरे वाटते. आम्हांस मात्र असे वाटत आले आहे की, मुलांनी ‘आपण कोठे?’ असे विचारण्याचे सोडले, की त्या घरातून काहीतरी मोलाचे निघून गेले.

आमचे गाव गारगोटी. वेदगंगेच्या काठचे, भुदरगड तालुक्याचे ठाणे. येथून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर आहे. गेली वीस-बावीस वर्षे आमच्या घरी एक नेम चालत आला आहे. दर दोन महिन्यांनी एक रविवार सर्वांनी मिळून घराबाहेर काढावयाचा, आणि रात्री मुक्कामास घरीच यावयाचे. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेल्यामुळे या सहलींचा जमाखर्च आम्ही एका वहीत लिहून ठेवतो. त्या वहीत आता बरीच पाने भरली आहेत, आणि ती चाळताना काही गोष्टी ध्यानात येतात, त्या वाचकांपुढे ठेवाव्या असे वाटले.

पहिली बाब गाडीभाड्याची. एकेकाळी आम्ही उभयता पूर्ण तिकिटाचे आणि मुले अर्ध्या तिकिटाची होती. हल्ली चित्र पालटले आहे. २०२२ सालापासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांस एस. टी.त तिकीट पडत नाही, आणि २०२३ सालापासून स्त्रियांस अर्धे तिकीट झाले. त्यामुळे एक्याऐंशी वर्षांच्या आमच्या मातोश्री फुकट, सौ. व कन्या अर्ध्यात, आणि पूर्ण पैसे मोजावयास आम्ही व चिरंजीव असे दोघेच उरलो. पहिल्यांदा हे तिकीट फाडले गेले तेव्हा मातोश्री म्हणाल्या, “जन्मभर बायकांचा भार होतो म्हणून आम्हांला घरी ठेवलं. आता तुम्ही बाप्येच भारी पडायला लागला की रे!” पुढच्या बाकावरच्या दोघी अनोळखी बाया यावर इतक्या हसल्या, की कंडक्टरही त्यांत सामील झाला.

हे बोलणे विनोदाने झाले, तरी त्यात तथ्य होते. मातोश्री तोपर्यंत कोल्हापुरास चाळीस-पन्नास वेळा तरी गेल्या असतील. अंबाबाईच्या दर्शनास, लग्नाच्या बस्त्यास, कोणाच्या बाळंतपणास, आणि अलीकडे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. प्रत्येक वेळी काहीतरी काम होते. नुसते पाहावयास म्हणून त्या कधी गेल्या नव्हत्या.

म्हणून एका रविवारी अंबाबाईचे दर्शन झाल्यावर आम्ही त्यांस परस्पर टाउन हॉलच्या बागेत नेले. ही इमारत १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिली, आणि तीत कोल्हापूरचे वस्तुसंग्रहालय आहे. प्रवेशास द्यावे लागते ते शुल्क चहाच्या खर्चाहून फार नाही. येथील सर्वांत प्रसिद्ध वस्तू आकाराने अगदीच लहान, वीतभरही उंच नसलेली आहे. ती म्हणजे समुद्रदेव पोसायडन याची ब्राँझची मूर्ती. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे, तेथे १९४४-४५ च्या सुमारास ब्राँझच्या वस्तूंचा साठा सापडला, आणि पुढे लगेच तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी चालणाऱ्या व्यापाराबरोबर ही मूर्ती सह्याद्रीचे घाट चढून येथवर आली असावी, असे विद्वान मानतात.

कन्येने हे सर्व आजीस समजावून दिले. मातोश्री मूर्तीकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “समुद्राचा देव ना हा? मग नदीकाठाला कशाला आला?” व्यापारी घेऊन आले, असे कन्येने सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, “तसंच असतं बघ. देव झाला तरी नेतील तिथं जायचं.” रोमन व्यापारावर आम्ही वर्गात अनेकदा बोललो आहो, परंतु त्या देवास परगावी येऊन राहावे लागले, ही बाजू आमच्या मनात कधी आली नव्हती. सासरी आलेल्या बाईस ती प्रथम दिसली.

तेथून खासबाग मैदान. १९०२ साली शाहू महाराज विलायतेस गेले असता रोम येथील प्राचीन आखाडा पाहून त्यांस याची कल्पना सुचली असे सांगतात. १९१२ साली हे मैदान खुले झाले. मध्यभागी आखाडा आणि सभोवार उतरती बैठक अशी त्याची रचना असल्यामुळे सर्वांत मागे बसलेल्या माणसासही कुस्ती दिसते. चिरंजीवांस आम्ही अगदी वरच्या कडेस उभे केले आणि आपण खाली मध्यापाशी उभे राहिलो. ‘दिसतो का?’ असे विचारता ‘पूर्ण दिसता’ असे उत्तर आले. मागच्या माणसासही दिसले पाहिजे, हा विचार ज्याच्या मनात होता, त्याने तो शब्दांत न सांगता मातीत व दगडात सांगून ठेवला आहे. मैदानास लागूनच १९१५ साली उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते आगीत सापडले. त्यानंतर काही आठवड्यांनी आम्ही तेथे गेलो होतो. रस्त्यात माणसे थांबत, क्षणभर पाहत, आणि काही न बोलता पुढे जात. शंभर वर्षांहून अधिक काळ उभी असलेली वास्तू अशी सहज जाऊ शकते, हे मुलांस पुस्तकातून शिकविता येण्यासारखे नव्हते.

सायंकाळ रंकाळ्यावर. सभोवार चार-एक किलोमीटरांचा हा तलाव, काठावर संध्यामठ, पलीकडे शालिनी पॅलेस. येथे भेळ खावी, मुलांनी धावावे, आणि सूर्य पाण्यात बुडताना पाहावा. यास तिकीट नाही. मधल्या काही वर्षांत सांडपाण्याने हे पाणी हिरवे झाले होते आणि काठावर नाकास रुमाल लावून बसावे लागे. जे सर्वांचे असते ते कोणाचेच नसल्यासारखे वागविले, की त्याचे काय होते, याचा तो धडाच होता. असो. त्या सायंकाळी मातोश्री कठड्यावर तासभर बसून होत्या. उठताना म्हणाल्या, “आज सकाळपासून मला कुणी काही मागितलं नाही बघ.”

हे वाक्य आम्ही वहीत खर्चाच्या बाजूस लिहावे की जमेच्या, हे आम्हांस अजून ठरविता आलेले नाही. कारण स्वस्त सहल ज्या एका गोष्टीमुळे स्वस्त होते, ती गोष्ट बहुतेक घरांत हिशेबातच धरीत नाहीत. पहाटे चारला उठून दशम्या करावयाच्या, शेंगदाण्याची चटणी कुटावयाची, ताकाची बरणी घट्ट बांधावयाची, दिवसभर पिशव्या सांभाळावयाच्या, आणि रात्री घरी येताच पुन्हा भात टाकावयाचा. हे सर्व गृहिणी करते, आणि ‘बाहेर काही खाल्ले नाही, केवढे पैसे वाचले!’ असे गृहस्थ म्हणतो. वाचले ते पैसे गृहिणीच्या झोपेतून वाचले. आमच्या घरी यासाठी एक वहिवाट आहे. सहलीच्या दिवशी चूल पेटत नाही. सकाळी भडंग व केळी, दुपारी कोल्हापुरात मिसळ, आणि रात्री घरी आल्यावर ज्यास भूक असेल त्याने दूध-पोहे करून घ्यावे. यामुळे खर्च थोडा वाढतो. तो आम्ही ‘सौ.ची सुट्टी’ या नावाने वेगळा लिहितो. सर्व पानांत त्या रकमेइतकी सत्कारणी लागलेली रक्कम दुसरी दिसत नाही.

आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुई शहरी नोकरीस आहे. त्यास आम्ही या वहीविषयी लिहिले, तेव्हा त्याचे उत्तर आले. पगार एक, मुले दोन, आणि तेथील महागाई पाहता सहलींचा विचारही त्याने केला नसता. परंतु त्या शहरी फॉरेस्ट पार्क नावाचे भले मोठे उद्यान आहे, आणि त्यातील प्राणिसंग्रहालयास व कलासंग्रहालयास प्रवेशमूल्य नाही. दर रविवारी मुले हत्ती पाहतात आणि पाऊस आला तर चित्रे पाहतात. हे फुकट कसे, याची चौकशी त्याने केली, आणि जे कळले ते आम्हांस विचार करण्याजोगे वाटले. १९१६ सालीच तेथील नागरिकांनी प्राणिसंग्रहालयासाठी स्वतःवर कर बसवून घेण्यास मत दिले. १९७१ साली आसपासच्या भागासही त्यात सामील करून घेण्यात आले. म्हणजे तेथे फुकट काही नाही. आपल्यापैकी गरिबाच्या मुलानेही हत्ती पाहावा म्हणून सर्वांनी मिळून थोडे थोडे दिले आहे. आमच्याकडे जे काम एका राजाने केले, ते तेथे मतपेटीने केले, इतकाच फरक.

कोल्हापूर पाहून झाले की वाचकांनी थोडे आडवाटेस जावे. नरसोबाच्या वाडीस कृष्णा-पंचगंगेचा संगम पाहून बासुंदी घ्यावी, आणि त्याच दिवशी खिद्रापुरास कोपेश्वराच्या मंदिरातील स्वर्गमंडपात उभे राहावे. अठ्ठेचाळीस खांब, आणि वर छताच्या मध्यभागी उघडे आकाश! मुलांस खांब मोजावयास सांगावे, म्हणजे ती कोरीव काम आपोआप पाहतात. पावसाळ्यात राधानगरीच्या धरणावर जावे. शाहू महाराजांनी आरंभिलेल्या त्या धरणाचे सात दरवाजे पाणी ठरलेल्या पातळीवर येताच आपण होऊन उघडतात. ते कधी उघडतील याची वाट पाहत भिजणे, हाही एक खेळच आहे.

आणि अगदीच काही जमले नाही तर? तर आमच्याप्रमाणे घराजवळ पाहावे. गारगोटीहून दहा-बारा किलोमीटरांवर भुदरगड आहे. पायथ्याचे पेठशिवापूर, वर भैरवनाथाचे देऊळ, आणि गडाच्या सपाट माथ्यावर दुधी रंगाच्या पाण्याचे मोठे तळे. शिलाहार राजा भोज याच्या नावाशी या गडाची उभारणी जोडतात. तेथे तटावर बसून खालचा मुलूख पाहिला, की ज्या बाजारात आपण रोज भाजी घेतो तो बाजार बोटाच्या पेराएवढा दिसतो, आणि आपली नित्याची भांडणेही तेवढीच भासतात.

एका रविवारी पावसाने तेही होऊ दिले नाही. तेव्हा ‘गावातल्या गावात सहल’ अशी कल्पना निघाली, आणि आम्ही छत्र्या घेऊन हुतात्म्यांच्या स्मारकाशी गेलो. १९४२ च्या लढ्यात, १३ डिसेंबरच्या रात्री, गारगोटीच्या सरकारी कचेरीवर चालून गेलेल्यांपैकी सात जण येथे गोळीस बळी पडले. आम्ही त्या वाटेने रोज महाविद्यालयात जातो. गावातली मुले त्याच वाटेने शाळेत जातात. परगावचा पाहुणा आला तर आम्ही त्यास गड दाखवितो, देऊळ दाखवितो. येथे त्यास थांबवावे असे क्वचितच कोणास सुचते. त्या दिवशी पाऊस असल्यामुळे तेथे दुसरे कोणी नव्हते. कन्येने सातही नावे मोठ्याने वाचली. मातोश्रींनी चपला काढून ठेवल्या होत्या.

रात्री आम्ही वही काढली. गाडीभाडे नाही, खाणे नाही, प्रवेशमूल्य नाही. खर्चाच्या घरात शून्य लिहिले. शेजारी बसलेल्या कन्येने वाचले आणि विचारले, “बाबा, येथे शून्य कसे?”

आम्ही ते शून्य तसेच ठेवले. त्याच्यापुढे कंसात एक शब्द घातला, ‘आमच्याकडून’.