बेदींच्या सावलीपलीकडे

मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांचं नाव निघालं की पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं: तशीच फिरकी टाकणाऱ्या बिशनसिंग बेदींच्या काळात खेळले, म्हणून कसोटी हुकली. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांच्याबद्दलही तेच. डावखुरी फिरकी टाकणारा आणि शिकवणारा म्हणून मला ते खटकतं. हळहळ खरी आहे. पण तिच्या भरात या माणसांनी प्रत्यक्ष काय केलं, हे बघायचं राहूनच जातं. शिवलकरांचे १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी आहेत, सरासरी १९.६९. एवढं सातत्य बोटांतून येतं. चेंडू सुटता सुटता तर्जनीनं शिवणीला पीळ द्यायचा, उंची किती द्यायची ते फलंदाजाच्या पायांकडे बघून ठरवायचं, आणि टप्पा असा ठेवायचा की पुढे यावं की मागे जावं हे त्याला कळूच नये. पावसाळ्यातल्या कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवर चेंडू आपसूक वळतो, त्यामुळे जास्त वळवण्याचा मोह होतो. तो आवरून टप्पा सांभाळायला मुंबईचा फिरकी गोलंदाज तिथेच शिकतो.

रणजीतले बळी स्वस्त, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. तेव्हा साखळी सामने विभागापुरतेच होत आणि काही संघ खरोखर दुबळे होते. पण १९७२-७३ची अंतिम लढत बघा. चेपॉकची फिरकीला साथ देणारी खेळपट्टी, आणि समोर वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार यांचा तामिळनाडू. मुंबईच्या १५१ आणि ११३ धावा. तामिळनाडू ८० आणि ६१. शिवलकरांचे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. खेळपट्टी वळत होती, पण दोन्ही संघांसाठी सारखीच.

मग निवड समितीचं काहीच चुकलं नाही का? ६७ कसोटींत २६६ बळी घेणाऱ्या बेदींना बसवा, असं कोण म्हणेल? मात्र १९७४ च्या बंगळूर कसोटीत बेदी नव्हते, गोयल संघात होते, तरीही त्यांना खेळवलं नाही. तो अन्यायच, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्यामुळे रणजीतले त्यांचे ६३७ बळी उणे ठरत नाहीत. तो विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. आणि १९८७-८८ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, शिवलकर पुन्हा मुंबईकडून खेळले. मुंबईच्या रणजी संघात सहानुभूतीनं जागा मिळत नसते.