बारीक रेघ

सुरतेहून हजिऱ्याकडे निघाले की वाटेत इच्छापोर लागते. जुन्या गावाशेजारी तेथे आता हिऱ्या-दागिन्यांच्या कारखान्यांची वसाहत उभी आहे. तीतील एका कारखान्यात मी नोकरी करतो. पण मी हिरे घडवीत नाही. कच्चा हिरा कसा कापला असता कमीत कमी वाया जाईल, याचे गणित संगणकाला शिकवणे हे माझे काम. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर लाखेचे रंग चढविणाऱ्या आजोबांचा मी नातू. मात्र माझी बोटे कळा दाबण्यापलीकडे काही शिकली नाहीत.

या कामाचा मला अलीकडे उबग आला होता. आज शिकलेली साधने वर्षभरात जुनी होतात. एखादा दोष शोधण्यात दिवस जावा आणि तो आपल्या लिखाणात नसून, कोणा परक्याने कोठेतरी बसून लिहिलेल्या भागात आहे, असे संध्याकाळी कळावे, हे तर नित्याचेच. शिवाय येथे चूक एका कळीने पुसता येते. आणि पुसता येणाऱ्या चुकीची हळूहळू लाजही वाटेनाशी होते.

गेल्या पावसाळ्यात मात्र एक चूक पुसता आली नाही. आमच्याकडील एका वयस्क रत्नकलाकाराच्या हातून घंटीवर एक हिरा तडकला. सुरतेत हिरे घासणाऱ्या कारागिराला रत्नकलाकार म्हणतात, आणि घासण्याच्या फिरत्या चक्राला घंटी. काकांनी दाब अधिक दिला, असे ठरले आणि त्यांचा पगार कापला गेला. "भाई, ही रेघ आत खोल जाते," असे त्यांनी आधीच सांगितले होते. पण पडद्यावर तसे दिसत नव्हते, म्हणून कोणी ऐकले नाही.

त्या रात्री मी जुन्या नोंदी काढल्या. यंत्राने ती रेघ पाहिली होती. अमुक मापाहून बारीक खूण म्हणजे धूळ समजावी आणि गाळावी, असा नियम मीच लिहिला होता. दोन दिवस मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी मालकांपुढे जाऊन सारे सांगितले. कापलेले पैसे काकांना परत मिळाले; हिरा मात्र परत आला नाही.

काकांची क्षमा मागावयास गेलो, तर त्यांनी मला शेजारी बसवून घेतले. तेव्हापासून दर शनिवारी मी त्यांच्या घंटीपाशी बसतो. हिऱ्याची कठीणता सर्व दिशांनी सारखी नसते. म्हणूनच हिऱ्याच्याच भुकटीने हिरा घासता येतो. तेल आणि ती भुकटी चोळलेल्या लोखंडी चक्रावर खडा अचूक दिशेने टेकला, तरच पैलू पडतो. एरवी चक्रच झिजते. ही दिशा काका आवाजावरून ओळखतात. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली तेजस्वी हिऱ्याच्या कोनांचे गणित ग्रंथरूपाने मांडले, आणि ते माझ्या कामाचा पाया आहे. पण तो आवाज त्या गणितात नाही. जे झिजले ते झिजले. १८५२ साली लंडनमध्ये कोहिनूरला नव्याने पैलू पाडले, तेव्हा त्याच्या वजनाचा पाचातील सुमारे दोन भाग कायमचा गेला.

येथवर वाचून, यंत्रे टाकून हातांकडे परत चला, असे मी म्हणेन, अशी वाचकांची अपेक्षा असेल. काकाच ते मान्य करणार नाहीत. खड्याच्या पोटातील जो डाग त्यांच्या भिंगाला दिसत नाही, तो पडदा दाखवतो, याचे त्यांना कौतुक आहे. माझा राग यंत्रावर होता खरा. पण धूळ कशाला म्हणावे, हे यंत्राने ठरवले नव्हते. ते मी ठरवले होते, आणि तेही ज्याने आयुष्यात एकही हिरा हाती धरला नव्हता, अशा माणसाने.

आता माझ्या कार्यक्रमात एक नवे खाते आहे: कारागिराचा शेरा. तो भरल्याविना आराखडा पुढे सरकत नाही. गेल्या शनिवारी काकांनी प्रथमच एक हलका खडा माझ्या हाती देऊन तो चक्रावर टेकवावयास सांगितले. माझा हात थरथरत होता. ते म्हणाले, "थरथरू दे. पहिल्या दिवशी ज्याचा हात थरथरत नाही, त्याला मी खडा देत नाही."