थोरली बहीण

धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणाऱ्या मुलांत थोरल्या बहिणी चटकन ओळखू येतात. धाकट्याचे बोट त्यांच्या मुठीत असते. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात अशीच एक बहीण नदीकाठी उभी आहे. तिथे तिचे नावही दिलेले नाही! तान्हा मोशे लव्हाळ्याच्या पेटाऱ्यात, आणि ही दुरून पहाऱ्यावर. फारोच्या कन्येला बाळ सापडताच ती धीटपणे पुढे होते, दाई आणू का म्हणून विचारते, आणि बाळाच्या आईलाच घेऊन येते.

मध्य अमेरिकेतील लेकरांविषयी वाचताना मला ती आठवते. एल साल्वादोर, ग्वाटेमाला, होंडुरास : कॅथोलिक श्रद्धा शतकानुशतके मुरलेले हे देश. टोळ्यांची दहशत आणि दारिद्र्य ह्यांपायी आईबाप उत्तरेस अमेरिकेत मजुरीला जातात, मुले आजीपाशी राहतात. कागदपत्रे नसलेल्या आईला गावी येऊन पुन्हा परतणे जवळजवळ अशक्य. म्हणून एके दिवशी मुलेच निघतात. ट्यूबांवर फळ्या बांधलेल्या तराफ्यावरून सुचियाते नदी ओलांडायची, मग अवघा मेक्सिको. आईचा फोन नंबर कित्येकदा कपड्यांत शिवलेला असतो. २०१४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर ६८ हजारांहून अधिक एकटी मुले पकडली गेली. २०१७ च्या स्थलांतरित दिनाचा संदेश पोप फ्रान्सिस ह्यांनी अशा बालकांनाच वाहिला होता.

'एकटी' हा शब्द मात्र कायद्याचा. २००२ च्या अमेरिकन व्याख्येत आईवडील वा कायदेशीर पालक तेवढे मोजले जातात. बहीण मोजली जात नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीने आठ वर्षांच्या भावाला हजारो मैल सांभाळून आणले, तरी तो एकटाच! त्याची रवानगी बालनिवासात, तिची प्रौढांच्या कोठडीत. मुलांची चोरटी वाहतूक करणारेही नातलग असल्याची बतावणी करतात, हे खरे, सावधगिरी हवीच. पण वाटेत स्वतः उपाशी राहून जिने त्याला भरवले, रात्री जागून काढल्या, तिला दोन प्रश्न विचारण्याइतकी सवड फारोच्या घराण्याला होती.

पुढे नातलगांचा शोध होतो आणि भाऊ बहुधा आईपर्यंत पोहोचतो. तिने परमुलखात राबून धाडलेल्या पैशांवरच तो वाढलेला असतो; पण तिचा चेहरा त्याला फोटोतलाच ठाऊक. ती त्याला कवटाळते. तो मात्र तिच्या खांद्यावरून दाराकडे पाहत राहतो, ताई कधी येणार म्हणून. आणि ताईला कदाचित परत पाठवलेले असते.