पाच हजारांची गरी

नुंगंबाक्कममध्ये राहून गरीची काठी विकत घ्यायची म्हटलं, की ऐकणारा आधी विचारतो, मासे कुठे धरणार? प्रश्न रास्त आहे. इथे ‘लेक एरिया’ नावाची वस्ती आहे, तिच्या गल्ल्यांना क्रमांक आहेत, तलाव मात्र नाही. टँक बंड रोड आहे, तिथे तळंही नाही आणि बांधही नाही. कधीकाळी इथून सैदापेटपर्यंत, माउंट रोडच्या पश्चिमेला, पाण्याचा लांबलचक पट्टा होता. त्याचं नावच लाँग टँक. मद्रास बोट क्लबच्या शर्यती एके काळी त्या पाण्यात होत. १९२३च्या सुमारास मांबलमकडचा भाग बुजवून त्यागराय नगर, म्हणजे आजचं टी. नगर, वसवायला सुरुवात झाली. नुंगंबाक्कमकडचं पाणीही पुढे गेलं आणि त्या जागी १९७६ साली वळ्ळुवर कोट्टम उभं राहिलं. आता या भागात पाणी दिसतं ते टँकरमधून सांडलेलं.

काठी घ्यायची होती ती आप्पांसाठी. आप्पा म्हणजे माझे वडील. तमिळमध्येही वडिलांना अप्पाच म्हणतात, त्यामुळे मी त्यांना हाक मारली की शेजारच्या पाट्टींना आमच्या मराठीतला तेवढा एक शब्द तरी कळतो. पेण तालुक्यातल्या खारेपाटात आमचं गाव. आप्पांनी एकतीस वर्षं एसटीत वाहक म्हणून काढली. आई गेली त्या वर्षी ते ओट्यावरून घसरले आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. हाड जुळलं, पकड मात्र पूर्वीची राहिली नाही. दोन महिने राहा, असं सांगून मी त्यांना इकडे आणलं. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. दिवसभर गॅलरीत उभं राहायचं आणि मी ऑफिसातून आले की विचारायचं, परतीचं तिकीट कधीचं काढलंस?

एका रविवारी कोवळमच्या वाटेवर मुट्टुकाडूच्या पुलापाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. खाडीच्या काठाला दहा-बारा माणसं रॉड घेऊन उभी होती. आप्पा तासभर त्यांच्या मागे उभे राहिले, कुणाशी न बोलता. परत येताना अड्यारपाशी विचारलं, “ती काठी केवढ्याला मिळते?” इथे आल्यापासून त्यांनी कुठल्याही वस्तूची किंमत विचारली नव्हती. मी त्याच रात्री शोधाशोध सुरू केली.

खारेपाटात काठी विकत घेत नाहीत. पावसाळ्यात बेटातला निबर, बारीक बांबू हेरून ठेवायचा आणि थंडीत तोडायचा. अवेळी तोडलेला बांबू भुंगे पोखरतात. मग सावलीत वाळवायचा, वाकडा असेल तिथे विस्तवावर शेकून सरळ करायचा, तेल पाजायचं. पैसे लागत ते गळाला आणि तंगुसाला. तंगूस थेट शेंड्याला बांधलेला, खाली शिशाचा तुकडा, गळाला कोळंबी. काठी आणि तंगूस मिळून जेवढी लांबी होईल तेवढीच गरीची पोच. बांधाच्या उघाडीपाशी किंवा गावातल्या तळ्यात जिताडा गरवायला तेवढी पुरते. मुट्टुकाडूची खाडी रुंद आहे, मासा लांब असतो, गळ फेकावा लागतो. शिवाय तसा बांबू इथे आणायचा कुठून? या शहरात बांधकामालाही सुरूचे वासे लावतात.

वाचता वाचता कळलं, की काठीचा बाजार आपल्या बांबूपासून फार लांब गेलेला नाही. विलायती शौकिनांच्या जुन्या उंची काठ्या बांबूच्याच असत. चीनमधून आणलेल्या बांबूच्या सहा पट्ट्या तासून, एकमेकींना चिकटवून षट्कोनी काठी करत. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आले, १९७०च्या दशकात कार्बनतंतू. गळाने मासे धरण्याचा नाद मद्रासला नवा नव्हे. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधल्या हेन्री सलिव्हन थॉमस या अधिकाऱ्याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ लिहिलं आणि १८८७मध्ये ‘टँक अँगलिंग इन इंडिया’. नुसत्या तळ्यांतल्या मासेमारीवर वेगळं पुस्तक निघावं, एवढी तळी तेव्हा होती. नुंगंबाक्कमचं त्यातलंच एक.

पाच हजार रुपये असतील, तर ते कशावर खर्च करायचे? आठवडाभर वाचून मी एवढं गोळा केलं. काठीचे दोन गुण वेगवेगळे असतात, ताकद आणि वाक. ताकद म्हणजे केवढं ओझं ती पेलेल, वाक म्हणजे ती कुठून वाकेल. टोकाकडून वाकणारी काठी झटकन प्रतिसाद देते, मधून वाकणारी माशाचे हिसके पोटात घेते आणि शिकाऊ हाताला सांभाळून घेते. मुठीच्या वर बारीक अक्षरांत लांबी, तंगुसाची ताकद आणि किती ग्रॅमचं वजन फेकता येईल ते छापलेलं असतं, आणि किमतीच्या चिठ्ठीआधी ते वाचायचं. मग कड्या. तंगूस त्यांच्यातून धावतो, म्हणून आत चिनी मातीसारखं गुळगुळीत अस्तर हवं. त्याला तडा गेला असेल तर तंगूस कातरतो आणि मासा गळासकट जातो. खाऱ्या हवेत साध्या लोखंडी कड्या एका पावसाळ्यात गंजतात. कार्बनची काठी हलकी असते, पण दगडावर आपटली तर दिसणार नाही अशी दुखावते आणि पुढे कधीतरी मासा ओढताना कडकन मोडते. शिवाय कार्बनमधून वीज वाहते, म्हणून विजेच्या तारांखाली किंवा ढग गडगडत असताना ती उभारायची नाही. हे मी आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हातात धरल्याशिवाय काय कळणार?”

पॅरीज कॉर्नरजवळच्या एका गल्लीत जाळी, दोर आणि गळ विकणारं जुनं दुकान सापडलं. दुकानदार तमिळ आणि मोडकं हिंदी बोलत होते. पहिला प्रश्न त्यांनी पैशांचा विचारला नाही. किनाऱ्यावरून की बोटीतून, आणि कुठला मासा, एवढं विचारलं. मी म्हटलं, किनाऱ्यावरून, आणि मोबाइलवर जिताड्याचा फोटो दाखवला. “कोडुवा!” ते म्हणाले, आणि तीन काठ्या काढून काउंटरवर ठेवल्या.

पहिली नऊशेची. एकात एक सरकणारी, सोबत रीळ, तंगूस आणि चार प्लॅस्टिकचे मासे. आप्पांनी ती उलगडली, शेंडा दुकानदारांच्या हाती दिला आणि मूठ हळूहळू वर उचलली. वाक गोल आला नाही. प्रत्येक सांध्यापाशी कोपरा पडत होता. “बांबूला पेर असतं तिथे बळ जास्त असतं,” आप्पा म्हणाले. “इथे सांधा आहे तिथेच कमजोर.” मी भाषांतर केलं. दुकानदार हसले. म्हणाले, ही पोरांना सुट्टीत तळ्यावर न्यायला ठीक, वाळू सांध्यांत गेली की संपलं.

दुसरी सव्वीसशेची, काचतंतू आणि कार्बन मिळून केलेली, सात फुटी, दोन तुकड्यांची, दहा ते तीस ग्रॅम फेकणारी. तिसरी साडेसात हजारांची, पूर्ण कार्बनची. ती हातात घेतली तर वजन जाणवतच नव्हतं. शेंड्याला बोट लावलं की मुठीत कळत होतं. पाच हजार हा आकडा माझाच होता आणि तो मोडायला मी तयार होते. एवढ्या महिन्यांत त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट, तीत पैसे कशाला बघायचे? शिवाय त्यांचं मनगट. हलकी काठी त्यांनाच तर हवी.

आप्पांनी दोन्ही काठ्यांना आळीपाळीने रीळ लावायला सांगितलं आणि मुठीच्या पुढे एका बोटावर तोलून पाहिलं. रीळ चढल्यावर दोघींचा तोल जवळजवळ एकाच जागी आला. “मनगटाला वजनापेक्षा तोल कळतो,” ते म्हणाले. “तिकिटांची पेटी आणि पैशांची बॅग एकतीस वर्षं सांभाळलीय मी.” मग साडेसातवाली त्यांनी जपून, दोन्ही हातांनी परत ठेवली. “ही घेतली तर मी काठीच सांभाळत बसेन. मासे कधी धरू?”

चांगली वस्तू कुठली, याचं एवढं नेमकं उत्तर मला आठवडाभराच्या वाचनात मिळालं नव्हतं. स्वस्त काठीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून लक्ष काठीकडे राहतं. फार महागडी असली की ती मोडेल म्हणून लक्ष पुन्हा काठीकडेच. या दोहोंच्या मध्ये एक रक्कम असते, जिच्यात वस्तूवर विसंबता येतं आणि तिला विसरून पाण्याकडे बघता येतं. ती रक्कम प्रत्येकाची वेगळी. माझी कदाचित साडेसात हजार असेल. पेन्शनीतून घर चालवलेल्या माणसाची नव्हती, आणि काठी त्याच्या हातात राहणार होती.

सव्वीसशेवालीचीही तपासणी झाली. दुकानदारांनीच कापसाचा बोळा दिला. आप्पांनी तो एकेका कडीतून फिरवला. तिसऱ्या कडीत कापसाचा तंतू अडकला. दुसरा नग मागवला, त्याच्या सगळ्या कड्या गुळगुळीत निघाल्या. काठी सव्वीसशे, रीळ एकोणीसशे, तंगूस साडेतीनशे. उरलेल्या दीडशेत गळ आणि शिसं. गळांची टोकं त्यांनी एकेक करून अंगठ्याच्या नखावर ओढून पाहिली. जे नखावर अडकले ते घेतले, घसरले ते परत केले. भाव कुठेच केला नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, “माणूस बरा आहे. कड्या तपासायला कापूस स्वतःहून दिला.”

फेकणं त्यांना शिकावं लागलं. आमच्याकडच्या गरीला रीळ नसतं. तर्जनीने तंगूस धरायचा, रिळाची तार उघडायची, काठी मागून पुढे आणताना नेमक्या क्षणी बोट सोडायचं. मुट्टुकाडूला त्यांच्याच वयाच्या एका गृहस्थांनी हे हात धरून शिकवलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पहिला दिवस संपेपर्यंत आप्पांच्या वहीत मात्र यादी झाली होती. जिताडा म्हणजे कोडुवा. बोय म्हणजे मडवै. शिंगाळा म्हणजे केळुत्ती. गरी म्हणजे तूंडिल. पहिले सहा रविवार केळुत्तीच लागले, काटे सांभाळून सोडवावे लागणारे. सातव्या आठवड्यात मी ऑफिसातून आले तर आप्पा घरी नव्हते आणि काठीही नव्हती. अंधार पडल्यावर आले. बस बदलत एकटेच गेले होते. जन्मभर एसटीत काढलेला माणूस, तमिळ अक्षर न वाचता बसचे नंबर पाठ केले होते. दोन तुकड्यांची काठी पिशवीत घालून उभी धरली, की गर्दीतही कुणाला लागत नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. तिकीट देताना वाहकाने पिशवीत काय आहे म्हणून विचारलं. “तूंडिल,” आप्पांनी उत्तर दिलं.

जिताडा लागला तो पुढे एका रविवारी, मी सोबत असताना. दीड वितीचा असेल. काठी मधून गोल वाकली, रीळ करकरलं, आणि आप्पांनी डावा हात खाली घेऊन मूठ पोटाला टेकवली. उजव्या मनगटावर भार येऊ न देण्याची ही युक्ती त्यांची स्वतःची. मासा काठाला आल्यावर मी मला ठाऊक असलेलं सांगितलं. चेन्नईत निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची केंद्रीय संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना १९९७ साली जिताड्याची पैदास बंदिस्त पाण्यात करण्यात यश आलं. हा मासा वयात येतो तेव्हा नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. आप्पांनी मासा उलटापालटा करून पाहिला. साठ वर्षं जिताडा खाल्लेल्या माणसाला ही बातमी नवी होती. त्यांनी गळ काढला आणि मासा पाण्यात धरून, त्याने शेपूट मारेपर्यंत, थांबले. शेजारचे गृहस्थ काहीतरी बोलले. मला तमिळ येतं. ते म्हणाले होते, पावसात खाडीचं तोंड उघडलं की मोठे येतात. मी ते आप्पांना सांगितलं.

गणपतीला आप्पा गावी निघाले. आदल्या संध्याकाळी त्यांनी काठी गोड्या पाण्याने धुतली, कड्या जुन्या बनियनने पुसल्या, रीळ उतरवून त्याचा ड्रॅग सैल केला, म्हणजे आतल्या चकत्या दाबून राहत नाहीत. मग दोन्ही तुकडे पिशवीत घालून दारामागच्या खुंटीला उभे टांगले.

“नेत नाही गावाला?” मी विचारलं.

“तिथे बांबू आहे,” ते म्हणाले. बॅगेची चेन लावली, पुन्हा अर्धी उघडली, वही आत ठेवली. “इकडचा पाऊस ऑक्टोबरात ना?”

ऑक्टोबरात सुरू होतो, डिसेंबरपर्यंत चालतो, मी म्हटलं.