रंगाखालचे पोलाद

वांगी घेताना आपण देठ पाहतो, नारळ कानाशी धरून हलवतो, मडके बोटाच्या टिचकीने वाजवून घेतो आणि साडीचा पदर दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात धरतो. बाजारात उतरणाऱ्या माणसाच्या हाती मागच्या पिढ्यांनी अशा लहानसहान कसोट्या देऊन ठेवल्या आहेत. त्यांच्या बळावर तो विक्रेत्याच्या शब्दावाचून आपला व्यवहार पार पाडू शकतो. परंतु काही वस्तूंचे सारे मोल त्यांच्या न दिसणाऱ्या भागात असते. हाताने घडविलेली शर्यती बांध्याची सायकल-फ्रेम ही त्यांपैकी एक. गेली दोन वर्षे मी अशा फ्रेमच्या, आणि त्याहूनही अधिक ती ज्याच्या हातून निःशंकपणे घ्यावी अशा माणसाच्या, शोधात होतो.

फ्रेम म्हणजे वरवर पाहता पोलादाच्या काही नळ्यांचे त्रिकोण. त्यांत पाहण्यासारखे ते काय, असे कोणालाही वाटेल. पण या नळ्यांच्या पोटात एक कारागिरी दडलेली असते. सायकलीवर पडणारा ताण सांध्यांपाशी अधिक आणि नळीच्या मध्यावर कमी असतो; म्हणून चांगल्या नळीची भिंत टोकांशी जाड व मध्ये पातळ ठेवतात. टोकांशी ०.८ मिलिमीटर आणि मध्ये अवघी ०.५! बाहेरून मात्र नळी एकसारखी गुळगुळीत. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी या युक्तीचे पेटंट १८९७ साली घेतले आणि १९३५ साली त्यांचे '५३१' नावाचे पोलाद बाजारात आले. मिलानमध्ये कोलंबो यांनी १९१९ साली काढलेल्या कारखान्याच्या नळ्याही तितक्याच नावाजलेल्या. त्यांवर कबुतराची मुद्रा असते. या नळ्या पितळेच्या वा चांदीच्या डाकाने जोडताना आच थोडी अधिक झाली तर पातळ पोलादाचा जीव जातो. कमी पडली तर डाक सांध्यात नीट उतरतच नाही. एकदा वर रंग चढला म्हणजे चांगला सांधा आणि वाईट सांधा ही जुळी भावंडे होतात. राहता राहिली नळीवरची नाममुद्रा. ती एक चिकटपट्टी असते आणि वेगळी विकतही मिळते.

म्हणजे ग्राहकाजवळ टिचकी मारून पाहण्याची सोय नाही. आणि उतारावर ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगात पुढचा चिमटा सांध्यातून निखळला, तर तक्रार करण्यास ग्राहक जागेवर राहील याचीही खात्री नाही.

केंद्र सरकारच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक असलेल्या माणसाने या भानगडीत का पडावे, हा प्रश्न माझ्या सहकाऱ्यांनी मला इतक्या वेळा विचारला आहे की, त्याचे उत्तर मी आता टिपणीसारखे क्रमवार देऊ शकतो. दिल्लीत बदलून आल्यावर मला लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीचा नाद लागला. या स्वारीला फ्रेंच भाषेतून आलेला 'ब्रेव्हे' हा शब्द आहे. ही शर्यत नव्हे. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत पुरे करायचे, वाटेतल्या ठाण्यांवर एका पत्रिकेवर शिक्का घ्यायचा आणि कोणाचीही मदत घ्यायची नाही, इतकाच नियम. पहिला येणारा आणि शेवटचा येणारा यांच्यात भेद केला जात नाही. ज्येष्ठता-सूचीत आयुष्य काढणाऱ्या माणसाला यात केवढा विसावा आहे, हे ज्याचे त्यालाच ठाऊक! परंतु माझे पाय उंचीच्या मानाने लांब आणि धड आखूड. कारखान्यात ठरावीक मापांत निघणारी कोणतीही सायकल मला धड बसत नाही. चारशे किलोमीटरच्या स्वारीनंतर माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका आठ-आठ दिवस बधिर राहू लागली. कार्यालयात सही करताना लेखणी पकडल्याचे समजेना, तेव्हा आपल्या मापाची फ्रेम घडवून घ्यावी असे मनाने घेतले.

उत्तर इटलीतील एका छोट्या कार्यशाळेची फ्रेम सर्व खर्चासह १ लाख ८० हजार रुपयांना पडणार होती. माझ्या पाच महिन्यांच्या मूळ वेतनाइतकी ही रक्कम. दिवाळीपूर्वी आम्हांला ६,९०८ रुपयांचा तदर्थ बोनस मिळतो. आठ वर्षांचा बोनस मी निराळ्या खात्यात ठेवला होता, त्याचे ५५,२६४ रुपये झाले होते. उरलेले घरखर्चातून थोडेथोडे बाजूला पडलेले. पत्नीने हा सारा हिशेब शांतपणे ऐकून घेतला. रकमेविषयी ती काहीच बोलली नाही. तिने एवढेच विचारले, "आणि हे पैसे तुम्ही ज्याच्या हातात देणार, तो माणूस कोण?"

या प्रश्नाने मला बरेच फिरविले. मापाची फ्रेम ही मापाच्या चपलेसारखी. ती दुसऱ्या कोणाच्या कामाची नाही, म्हणून परतही जात नाही. माप घेणारा येथे, घडविणारा सहा हजार किलोमीटरवर. मधला माणूस चुकला तर इटलीतील कारागीर ती चूक मोठ्या निष्ठेने आणि अचूकपणे पोलादात उतरविणार!

गुरुग्राममधील एका भव्य दालनात मी प्रथम गेलो. काचेच्या भिंती, मंद दिवे, कॉफी. तेथल्या तरुणाने मला बसविले आणि पहिलाच प्रश्न विचारला तो माझ्या खर्चाच्या मर्यादेविषयी. दुसरा प्रश्न रंगाविषयी होता. उंची विचारली ती तिसऱ्या क्रमांकावर, आणि मी सांगितली ती तशीच लिहून घेतली. पूर्ण रक्कम आगाऊ द्यावी आणि ती दुकानाच्या नव्हे, एका व्यक्तीच्या नावे भरावी, पावती फ्रेमबरोबरच मिळेल, असे त्याने गोड शब्दांत सांगितले. ज्याचे आयुष्य पावत्यांवर पृष्ठांकने करण्यात गेले आहे त्याला हे सांगणे म्हणजे भटजींना सोवळे सोडायला सांगण्यासारखे होते. मी कॉफी संपवून उठलो. कॉफी मात्र उत्तम होती.

दुसरा अनुभव याहून बोधप्रद. एका परिचिताच्या ओळखीने वसंत कुंजमधील एका निवृत्त गृहस्थांकडे जुनी इटालियन फ्रेम पाहायला गेलो. फ्रेम देखणी, नळ्यांवर कबुतर विराजमान, आणि गृहस्थ अत्यंत सज्जन. त्यांनी चहा दिला, आपल्या तरुणपणच्या सायकलीच्या गोष्टी सांगितल्या आणि किंमतही वाजवी मागितली. मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर. ते विज्ञान आता फायलींखाली गाडले गेले असले तरी व्हर्निअर कॅलिपर मात्र मी जपून ठेवले आहे. त्या पातळ, उंची नळ्यांच्या जातीत सीटची दांडी २७.२ मिलिमीटर व्यासाची बसते, कारण भिंत पातळ म्हणून आतली पोकळी मोठी. येथली दांडी मोजली तर २६.४ भरली. म्हणजे आतली भिंत जाड. नळी साधी, आणि कबुतर कोठून तरी उडत येऊन तिच्यावर बसलेले. मी हे सांगितले तेव्हा गृहस्थांचा चेहरा उतरला. त्यांनीही ती वीस वर्षांपूर्वी खरी समजूनच घेतली होती. प्रामाणिक माणूस आणि भरवशाचा विक्रेता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळले. पहिल्याला मन स्वच्छ असले की पुरते; दुसऱ्याला त्याशिवाय हातात ज्ञान असावे लागते. आपल्याला फसविले गेले आहे हे ज्याला कळत नाही, तो आपल्यालाही सद्‌भावनेने फसवू शकतो.

माझ्या लहानपणी साताऱ्यात सायकली तासावर भाड्याने मिळत. दुकानदार अनामत घेत नसे. तो वडिलांचे नाव विचारी, वहीत लिही आणि पोराला नखशिखान्त न्याहाळून त्याच्या उंचीची सायकल काढून देई. मोठी सायकल मागितली तर देत नसे, भाडे जास्त मिळत असूनही. दिल्लीत फिरताना मला त्या वहीची वारंवार आठवण होई.

आणि मग झंडेवालान. करोल बागेच्या वाटेवर जी प्रचंड हनुमानमूर्ती आहे, तिच्यापासून फार लांब नाही तो सायकलींचा बाजार. पदपथावर लहान मुलांच्या रंगीत सायकलींच्या रांगा, डोक्यावर टायरांच्या माळा, आणि सर्वत्र रबराचा वास. येथे उंची फ्रेम कोण विकणार? पण माझ्यासारख्याच एका ब्रेव्हेवाल्याने एका अरुंद दुकानाचे नाव सांगितले. तेथील वृद्ध मालकांना सारा बाजार चाचाजी म्हणतो. ते मूळचे लुधियान्याकडचे. त्यांच्या दुकानात खुर्ची एकच आणि तिच्यावर सुटी चाके ठेवलेली.

मी आल्याचे कारण सांगितले. ते म्हणाले, "पहले अपनी साइकिल दिखाइए।" नवी फ्रेम घ्यायला येताना जुनी सायकल कशाला आणावी? पण ती बाहेर उभी होती. ते उकिडवे बसले आणि वैद्याने नाडी पाहावी तसे तिच्याकडे पाहू लागले. हँडलवरची पट्टी कोठे झिजली आहे, सीट कोणत्या बाजूला कलली आहे, डाव्या पॅडलापेक्षा उजवे पॅडल अधिक गुळगुळीत का झाले आहे. मग मला भिंतीशी उभे करून, दोन्ही पायांमध्ये एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक वर दाबून धरायला लावून त्यांनी पायांची लांबी मोजली. ते पुस्तक टेलिफोन डिरेक्टरी होते. तिचा एवढाच उपयोग आता उरला असावा. सगळी मापे त्यांनी पुन्हा एकदा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घेतली. सकाळचा माणूस आणि दिवसभर खुर्चीत बसलेला माणूस यांच्या मापांत फरक असतो, असे त्यांचे म्हणणे.

मी पैशांचे बोलू लागलो तेव्हा त्यांनी हात वर केला. हँडल ज्या तुकड्यावर बसते तो स्टेम काढून त्यांनी दोन सेंटिमीटर आखूड असा दुसरा बसविला, सीटचे नाक किंचित वर केले, सहाशे रुपये घेतले आणि म्हणाले, "एक महीना चलाइए। हाथ फिर भी सोए, तब आइए।"

मी स्तंभित झालो. १ लाख ८० हजारांचे गिऱ्हाईक दारात उभे आहे आणि हा मनुष्य सहाशे रुपयांत त्याची वाटेला लावणी करतो आहे! पत्नीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "माणूस सापडला म्हणायचा तुम्हांला."

महिनाभरात मी एक तीनशेची आणि एक दोनशेची स्वारी केली. बोटे बधिर झाली नाहीत. मोठीच पंचाईत झाली. ज्या दुखण्याच्या आधारावर मी घरात, कार्यालयात आणि स्वतःच्या मनात या खर्चाचे समर्थन उभे केले होते, ते दुखणेच गेले. इच्छा मात्र तसूभरही हलली नव्हती. तेव्हा मला दिसले की मला ती फ्रेम तिच्यासाठीच हवी होती. कोणीतरी माणूस माझ्या हातापायांची मापे समोर ठेवून चार दिवस दिव्याच्या आचेसमोर बसणार, माझ्यासाठी म्हणून काही घडविणार, ही गोष्टच मला हवी होती. सरकारी वसाहतीत राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला मापाचे असे फारसे काही येत नाही. सदनिका वेतनस्तराच्या मापाची, टेबल पदाच्या मापाचे, रजाही नियमाच्या मापाची.

मी झंडेवालानला परत गेलो आणि चाचाजींना सांगितले की हात बरा आहे, तरीही फ्रेम हवी आहे. ते हसले. "अब सच बोले, बाबूजी," म्हणाले आणि गल्ल्याखालून पावतीपुस्तक काढले. निम्मी रक्कम दुकानाच्या खात्यात, पावती हातात, उरलेली फ्रेम तपासून घेतल्यावर. दुखणे घालविण्यासाठी फ्रेम घेणारा ग्राहक पुढे हमखास भांडतो, असा त्यांचा अनुभव आहे.

फ्रेम यायला साडेआठ महिने लागले. खोके त्यांनी माझ्यासमोरच उघडले. तोपर्यंत त्याला हातही लावला नव्हता. रंगाचे कौतुक नाही, वजनाचे कौतुक नाही. खिशातून एक साधा शिवणाचा दोरा काढला. त्याचे एक टोक मागच्या चाकाच्या एका खाचेला बांधले, दोरा पुढे नेऊन हँडलच्या उभ्या नळीला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूने मागे आणून दुसऱ्या खाचेला ताणून बांधला. मधल्या नळीपासून दोन्ही बाजूंचा दोरा सारख्याच अंतरावर असेल तर फ्रेम सरळ. नसेल तर रंग कितीही सुंदर असो, फ्रेम तिरकी. गवंड्याच्या ओळंब्याइतकी जुनी आणि तितकीच निष्ठुर अशी ही कसोटी. त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. मी मोजले. डावीकडे २८ मिलिमीटर, उजवीकडे २८. त्यांनी मला फ्रेम उलटी करायला लावून पुन्हा मोजायला सांगितले.

आता तेवढा कागदोपत्री भाग उरला आहे. दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीची जंगम मालमत्ता घेतली की, १९६४ च्या आचरण नियमांतील अठराव्या नियमानुसार एका महिन्याच्या आत कार्यालयाला कळवावे लागते. एके काळी सरकार आपल्या नोकरांना सायकल घेण्यासाठी अग्रिम देत असे. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ साली, ते बंद झाले. कळविण्याचा नमुना मात्र कायम आहे. त्यात पैसा कोठून आणला, विक्रेता नातेवाईक आहे काय, त्याच्याशी कधी कार्यालयीन संबंध आला होता काय, असे रकाने आहेत. ते मी भरले. एका रकान्यात, हा व्यवहार कसा जुळून आला, जाहिरातीतून की मित्र-नातेवाइकांमार्फत, याचा संपूर्ण तपशील मागितला आहे. जागा दोन ओळींची आहे. आमच्या विभाग अधिकाऱ्यांनी 'मित्रामार्फत' एवढे लिहून मोकळे व्हा असे सुचविले आहे. मी स्वतंत्र पान जोडणार आहे.